अडकणारा व्हीव्हीटी व्हॉल्व्ह : दोष शोधण्याची आणि दुरुस्तीची क्रमवार पद्धत

पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा इंजिन-दिवा लागला आणि स्कॅनरने पी००११ हा कोड दाखवला, की गॅरेजमध्ये पहिला सल्ला बहुधा व्हीव्हीटीचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा, सोलेनॉइड बदलण्याचाच मिळतो. नवा सोलेनॉइड बसतो, दिवा विझतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा लागतो. मग फेजर, मग टायमिंग चेन, असा खर्चाचा चढता क्रम सुरू होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. हे भाग सहसा स्वतःहून बिघडत नाहीत. त्यांना चालवणारे इंजिन ऑइल खराब झालेले, कमी पडलेले किंवा चुकीच्या ग्रेडचे असते, आणि ज्या भागातील फटी सर्वांत बारीक असतात तो भाग आधी अडकतो. म्हणून पुढील तपासणी ऑइलपासून सुरू होऊन फेजरपाशी संपते, आणि हा क्रम उलटा करू नये असा माझा आग्रह आहे.

यंत्रणा कशी चालते

इनटेक कॅमशाफ्टच्या, म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला जे दातेरी चाक असते त्याच्या पोटात फेजर बसवलेला असतो. त्याचे बाहेरचे घर टायमिंग चेन फिरवते, तर आतला पाती असलेला रोटर कॅमशाफ्टला घट्ट जोडलेला असतो. या दोघांमधील कप्प्यांत दाबाखालचे ऑइल एका बाजूने सोडले की कॅमशाफ्ट थोडा पुढे सरकतो आणि व्हॉल्व्ह लवकर उघडतात. दुसऱ्या बाजूने सोडले की तो मागे येतो. ऑइल कोणत्या बाजूला जावे हे ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो, ज्याला गॅरेजच्या भाषेत व्हीव्हीटी सोलेनॉइड म्हणतात. त्याच्या आत एक स्पूल, म्हणजे खाचा असलेली छोटी दांडी, पुढेमागे सरकते. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्या सोलेनॉइडला विजेचे तुटक झटके देतो आणि त्या झटक्यांत वीज चालू असण्याचे प्रमाण किती, यावर स्पूलची जागा ठरते. साधारण निम्म्या प्रमाणाच्या आसपास स्पूल मधोमध राहतो आणि कॅमशाफ्ट आहे तिथे धरून ठेवला जातो. प्रत्यक्षात कॅमशाफ्ट किती सरकला हे क्रँक आणि कॅम सेन्सर ईसीयूला कळवतात. इंजिन बंद होताना फेजरमधील एक लॉक पिन रोटरला मूळ जागी अडकवते. इनटेकसाठी ती जागा सर्वांत मागची, आणि एक्झॉस्टसाठी बहुतेक इंजिनांत सर्वांत पुढची असते.

मारुतीच्या स्विफ्टमधील के-सीरीज व्हीव्हीटी इंजिन, ह्युंदाईच्या आय२० मधील व्हीटीव्हीटी किंवा टोयोटा कोरोला ऑल्टिसमधील ड्युअल व्हीव्हीटी-आय ही सर्व याच तत्त्वावर चालतात. जुन्या पिढीच्या होंडा सिटीतील आय-व्हीटेक ही यंत्रणाही ऑइलच्याच दाबावर चालते; परंतु तिथे रॉकर आर्म एकमेकांना जोडले-सोडले जातात, फेजर नसतो, त्यामुळे तिची तपासणी वेगळी आहे आणि ती येथे घेतलेली नाही.

लक्षणे आणि कोड यांतून दिशा ठरवणे

इनटेक कॅमशाफ्ट पुढे सरकलेल्या स्थितीत अडकला, तर आयडलिंगच्या वेळी इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात, जळलेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि इंजिन थरथरते. नागपुरातल्या व्हेरायटी चौकातल्या सिग्नलवर गाडी थांबता थांबता बंद पडते, पण वेगात असताना काहीच जाणवत नाही, अशी तक्रार असेल तर संशय या दिशेने घ्यावा. कॅमशाफ्ट मागे अडकला असेल तर आयडलिंग गुळगुळीत राहते, मात्र कमी आरपीएमवर ओढ कमी होते, उड्डाणपूल चढताना गिअर खाली घ्यावा लागतो आणि मायलेज घटते. एक्झॉस्टच्या बाबतीत हे चित्र नेमके उलट असते. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर पहिल्या स्टार्टला एक-दोन सेकंद खडखड होऊन आवाज थांबत असेल, तर एकतर फेजरची लॉक पिन झिजलेली असते किंवा स्वस्त ऑइल फिल्टरमधील परतीचा पडदा निकामी होऊन रात्रभरात ऑइल खाली उतरलेले असते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हा आवाज सर्वांत स्पष्ट ऐकू येतो.

कोड वाचताना एक भेद पक्का करावा. पी००१० हा इनटेकच्या आणि पी००१३ हा एक्झॉस्टच्या सोलेनॉइडच्या विद्युत मंडलाचा कोड आहे. तो आला तर ऑइल आणि फेजर बाजूला ठेवून थेट वायरिंगकडे जावे. पी००११ आणि पी००१२ हे इनटेकचे, तर पी००१४ आणि पी००१५ हे एक्झॉस्टचे टायमिंग अनुक्रमे अति पुढे किंवा अति मागे असल्याचे सांगतात. पी००१६ किंवा पी००१७ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही; यात फेजर अडकलेला असू शकतो, तसेच चेन लांबलेली किंवा दात सरकलेलीही असू शकते. यांपैकी कोणताही कोड आणि सोबत चेनचा आवाज असेल, तर प्रयोगासाठीही गाडी चालवू नये, कारण अशा बऱ्याच इंजिनांत टायमिंग पुरेसे चुकले की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

कोड म्हणजे निदान नव्हे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले होते आणि नंतर तो सेन्सरचा दोष असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. इंजिनचा सेन्सरही काय दिसले तेवढेच सांगतो; ते खरे आहे का आणि कशामुळे घडले, हे तपासणाऱ्यालाच ठरवावे लागते. त्यामुळे कोड लगेच पुसून टाकू नये. कोडसोबत साठवलेली फ्रीझ फ्रेम आधी उतरवून घ्यावी, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचे कूलंटचे तापमान, आरपीएम आणि इंजिनवरील भार हाती येतो. इंजिन पूर्ण तापलेले आणि आयडलिंगवर असताना दोष आला असेल, तर ऑइलचा दाब कमी पडत असल्याचा संशय बळावतो. थंड इंजिनात लगेच आला असेल, तर ऑइल गरजेपेक्षा जाड असण्याची किंवा स्पूल चिकटण्याची शक्यता अधिक असते.

पहिली पायरी : ऑइल

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन तापवून बंद केल्यानंतर पाच ते दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल, तर निम्मी चौकशी तिथेच संपते. वरच्या खुणेपेक्षा बरीच जास्त पातळीही घातकच, कारण क्रँकशाफ्टने घुसळलेल्या ऑइलमध्ये हवा मिसळते, आणि हवा दाबली जात असल्यामुळे फेजर स्थिर राहत नाही. नंतर ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत विजेरीचा प्रकाश टाकावा. हलका तपकिरी थर म्हणजे वॉर्निश, जो पुष्कळ वापरलेल्या इंजिनांत असतोच. काळा, लोण्यासारखा निघणारा थर म्हणजे स्लज, आणि तो असेल तर सोलेनॉइड कितीही वेळा बदलला तरी तो पुन्हा अडकणारच. दुधाळ रंग दिसला तर आधी कूलंट ऑइलमध्ये जाते आहे का, ते पाहावे.

यानंतर कोणत्या ग्रेडचे ऑइल भरले आहे, याची बिलावरून खात्री करावी. आपल्याकडे ‘उन्हाळा कडक आहे, जाड ऑइल टाका’ असे सांगून २०डब्ल्यू-५० भरण्याची जुनी पद्धत आहे. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश अनुभवलेल्या शहरात हा सल्ला पटकन पटतो; पण इंजिनचे तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा नियंत्रित करतात, आणि बाहेरच्या हवेतील दहा-पंधरा अंशांच्या फरकासाठी ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० वर आखलेल्या बारीक मार्गांतून दाट ऑइल ढकलणे हा त्यावरचा उपाय नाही. ऑइल जाड असले की फेजरची हालचाल मंदावते आणि ईसीयूने मागितलेला कोन ठरलेल्या वेळेत न मिळाल्याने कोड नोंदला जातो. गाडीच्या पुस्तिकेत हवामानानुसार चालणाऱ्या ग्रेड दिलेल्या असतात. निवड त्यांच्यातूनच करावी.

ऑइल बदलण्याचा काळ केवळ किलोमीटरवर मोजणे नागपूरच्या वापरात फसवे ठरते. धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंतच्या लहान फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापत नाही, त्यामुळे त्यात उतरलेले पेट्रोल आणि ओलावा उडून जात नाही; आणि मे महिन्यात एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन तासन्‌तास चालते, पण ओडोमीटर हलत नाही. याउलट समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने सलग धावणारे इंजिन काही प्रमाणात ऑइल खाते, आणि शिर्डीहून परतल्यावर डिपस्टिक पाहण्याची सवय फारच थोड्यांना असते. माझ्या मते शहरातच फिरणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेत ‘कठीण वापर’ या सदरात दिलेला कमी अंतराचा हिशेबच धरावा, आणि अंतर पूर्ण झाले नाही तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावेच.

ऑइल संशयास्पद असेल, तर ते आणि फिल्टर दोन्ही बदलून, कोड पुसून गाडी शंभरेक किलोमीटर चालवावी आणि मगच पुढच्या पायरीकडे वळावे. दोष नवा असेल तर कधी कधी एवढ्यानेच तो जातो. काढलेले ऑइल नालीत ओतू नये, कारण शहरातल्या नाल्या शेवटी नाग नदीलाच मिळतात. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांपर्यंत पोहोचेल अशा ठिकाणी द्यावे.

दुसरी पायरी : मागितलेला कोन आणि मिळालेला कोन

साध्या ब्लूटूथ स्कॅनरवरही अनेक गाड्यांत कॅमशाफ्टचा कोन लाइव्ह डेटामध्ये दिसतो. गाडी पूर्ण तापवून आयडलिंगवर पाहिल्यास इनटेकचा कोन बहुतेक इंजिनांत शून्याच्या जवळ स्थिर असावा. नंतर सोबत्याला मोबाइल धरायला देऊन मोकळ्या रस्त्यावर मध्यम ॲक्सिलरेटरने गाडी चालवावी आणि मागितलेला व मिळालेला असे दोन्ही आकडे नोंदवून घ्यावेत. मिळालेला आकडा मागितलेल्याच्या मागोमाग क्षणभराने पोहोचत असेल, तर यंत्रणा ठीक आहे. तो उशिरा, रेंगाळत पोहोचत असेल तर ऑइलचा कमी दाब, व्हॉल्व्हची तुंबलेली गाळणी-जाळी किंवा चिकट स्पूल यांपैकी काहीतरी आहे. तो हललाच नाही, तर सोलेनॉइडला वीज मिळत नाही किंवा स्पूल वा फेजर पूर्ण अडकला आहे. आणि तो पुढे जाऊन परत येत नसेल, तर आयडलिंग बिघडण्याचे कारण तिथेच सापडले.

चांगल्या स्कॅनरमध्ये ॲक्टिव्ह टेस्टची सोय असते. तापलेले इंजिन आयडलिंगवर ठेवून इनटेकचा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण चालू करण्याचा आदेश दिला, की निरोगी इंजिन थरथरू लागते किंवा बंदच पडते, आणि आदेश मागे घेताच सुरळीत होते. या चाचणीत इंजिनवर काहीच परिणाम न होणे हे दोषाचे लक्षण आहे, हे ध्यानात ठेवावे; अनेकजण इंजिन बंद पडले म्हणून घाबरून चांगला व्हॉल्व्ह काढायला घेतात.

तिसरी पायरी : वायरिंग आणि कॉइल

इंजिन बंद करून सोलेनॉइडचे कनेक्टर काढावे. आत ऑइल शिरले असेल तर कॉइलचे सील गेलेले असते आणि तो सोलेनॉइड स्वच्छ करण्यात अर्थ नसतो. पावसाळ्यात आडोशाला बॉनेटखाली शिरलेल्या उंदरांनी वायर कुरतडलेली नाही ना, हेही हाताने चाचपून पाहावे. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून सोलेनॉइडच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. टोयोटाच्या अनेक इंजिनांत तो २० अंशांना ६.९ ते ७.९ ओहम असतो. इतर गाड्यांत वेगळा असतो, म्हणून आकडा त्याच इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. अनंत रोध म्हणजे कॉइल तुटलेली, शून्याजवळचा म्हणजे शॉर्ट. थंड असताना ठीक दाखवणारी कॉइल तापल्यावर तुटते, असेही घडते. त्यामुळे दोष फक्त दुपारच्या ट्रॅफिकमध्ये येत असेल तर मोजणी इंजिन तापलेले असतानाच करावी. गाडीच्या वायरिंगकडच्या कनेक्टरमध्ये बॅटरीची वायर कधीही लावू नये, कारण त्या वायरी ईसीयूपर्यंत जातात आणि त्याचे नुकसान या संपूर्ण दुरुस्तीपेक्षा महाग पडते.

चौथी पायरी : व्हॉल्व्ह काढणे, वाचणे आणि धुणे

हे काम इंजिन थंड असतानाच करावे. व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत सिलिंडर हेडवर टायमिंग चेनच्या बाजूला असतो आणि दहा नंबरच्या पान्याने निघणाऱ्या एका बोल्टने धरलेला असतो. बोल्ट सोडण्याआधी आजूबाजूची धूळ ब्रशने व हवेने साफ करावी, अन्यथा तीच धूळ उघड्या भोकात पडते. व्हॉल्व्ह हाताने डावी-उजवीकडे थोडा फिरवत वर ओढावा. कनेक्टरच्या प्लास्टिकला स्क्रूड्रायव्हर लावून उचकटू नये. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फेजरच्या मधल्या बोल्टमध्येच असतो आणि बाहेर फक्त कॉइल दिसते. तिथे कव्हर उघडावे लागते आणि ते काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावे.

बाहेर आलेला व्हॉल्व्ह लगेच धुऊन टाकू नये. त्याच्या जाळीत काय अडकले आहे, हा या संपूर्ण तपासणीतील सर्वांत बोलका पुरावा असतो. जाळी पांढऱ्या कपड्यावर झटकून भिंगाखाली पाहावी. मऊ काळे कण म्हणजे स्लज, आणि पुढचा इलाज ऑइलचा. काळे किंवा तपकिरी प्लास्टिकचे कपचे म्हणजे चेनच्या गाइडची झीज, म्हणजे टायमिंग कव्हर उघडण्याची वेळ आलेली आहे. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडी भागांच्या झिजेचा, तर न चिकटणारी चमकदार पापडी बेअरिंग किंवा ॲल्युमिनियमची. अशा वेळी व्हॉल्व्ह धुऊन परत बसवणे म्हणजे इंजिनच्या आजाराकडे डोळेझाक करणे होय. लवचीक, रबरासारख्या रंगीत चिंध्या निघाल्या, तर आधीच्या कामात कोणीतरी सिलिकॉन पेस्ट सढळ हाताने लावलेली आहे, आणि तिचे उरलेले तुकडे ऑइल पॅनमधल्या जाळीतही असणार.

त्यानंतर स्पूल तपासावा. बॅटरीपासून पाच अँपिअरच्या फ्यूजमधून वायर घेऊन सोलेनॉइडला एक-दोन सेकंदच १२ व्होल्ट द्यावेत. जास्त वेळ दिल्यास कॉइल जळते. ‘टक’ असा आवाज आला एवढ्यावर समाधान मानू नये. व्हॉल्व्हच्या अंगावरील खिडकीतून स्पूल पूर्ण सरकताना आणि वीज काढताच झटक्यात परत येताना डोळ्यांनी दिसला पाहिजे. तो अर्ध्यावर थांबत असेल किंवा सावकाश परतत असेल, तर दोष हाती लागला.

धुण्यापूर्वी ओ-रिंग काढून ठेवावी, कारण कार्ब्युरेटर क्लीनरने रबर फुगते. क्लीनरची फवारणी खिडक्यांतून करावी, थोडा वेळ मुरू द्यावे, मग मोकळ्या हवेत, क्लीनर पूर्ण उडून गेल्यानंतरच वीज देऊन स्पूल काही वेळा हलवावा. ओल्या क्लीनरजवळ ठिणगी पडल्यास तो पेट घेतो, याचा विसर पडू देऊ नये. हे चक्र घाण निघणे थांबेपर्यंत करावे. सुई, तार किंवा पॉलिश पेपर यांचा वापर करू नये. स्पूलवर उमटलेला बारीक ओरखडासुद्धा पुढे ऑइलच्या गळतीला आणि नव्या अडकण्याला कारण होतो. ओरखडे आधीच दिसत असतील तर व्हॉल्व्ह बदलावा. घाट रोडवरच्या दुकानांत नकली आणि असली भाग शेजारी-शेजारी मिळतात. या भागात काटकसर करू नये, पार्ट नंबर जुळवून कंपनीचाच घ्यावा.

काही इंजिनांत, विशेषतः टोयोटात, हेडमध्ये एका प्लगच्या मागे ऑइलची वेगळी जाळी असते. तीही काढून धुवावी, कारण व्हॉल्व्ह स्वच्छ आणि जाळी तुंबलेली, अशा स्थितीत कोड जसाच्या तसा परत येतो.

बसवताना नवी ओ-रिंग घालून तिला आणि स्पूलला ताजे ऑइल लावावे, व्हॉल्व्ह हातानेच पूर्ण आत बसवावा आणि मगच बोल्ट आवळावा. ॲल्युमिनियमच्या हेडमधील हा छोटा बोल्ट बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचा असतो. टॉर्क पान्याशिवाय जोर लावला तर आटे जातात.

पाचवी पायरी : दाब, फेजर आणि चेन

इथपर्यंत सर्व ठीक निघाले आणि कोन तरीही चुकत असेल, तर ऑइल प्रेशर स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून तापलेल्या इंजिनाचा दाब आयडलिंगला आणि ३००० आरपीएमला मोजावा व मॅन्युअलशी ताडून पाहावा. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा फार उशिरा लागतो. तो लागत नाही म्हणजे दाब पुरेसा आहे, असे मानता येत नाही. दाब कमी असेल तर ऑइल पॅन उतरवून सक्शनची जाळी पाहावी. स्लज असलेल्या इंजिनात तीव्र फ्लश टाकण्याच्या मी विरोधात आहे, कारण सुटलेला गाळ एकदम याच जाळीवर जाऊन बसतो. त्याऐवजी पॅन धुऊन, चांगले ऑइल भरून, पुढचे दोन-तीन बदल दीड ते दोन हजार किलोमीटरवर करणे सावकाशीचे असले तरी सुरक्षित असते.

दाब योग्य असून फेजर हलत नसेल किंवा त्याची लॉक पिन पकडत नसेल, तरच फेजर बदलावा. यासाठी व्हॉल्व्ह कव्हर आणि बऱ्याचदा टायमिंग कव्हर काढावे लागते, म्हणून चेन, गाइड आणि टेन्शनर यांची झीज त्याच वेळी मोजून घ्यावी आणि त्या झिजेच्या मर्यादेजवळ असतील तर सोबतच बदलाव्यात. फेजरचा बोल्ट सोडताना किंवा आवळताना कॅमशाफ्ट त्याच्यावरील षटकोनी भागावर पान्याने धरावा. चेन किंवा लॉक पिनवर भार घेऊन बोल्ट आवळल्यास नवी पिन पहिल्याच दिवशी वाकते. अनेक इंजिनांत हा बोल्ट एकदाच वापरायचा असतो. वॉरंटीतील गाडीवर यातील कोणतेही काम घरी करू नये.

दुरुस्तीनंतर कोड पुसून, ओ-रिंगजवळ गळती नाही हे पाहून, वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन यावे. जाताना लाइव्ह डेटा चालू ठेवून निरनिराळ्या वेगांवर दोन्ही कोन नोंदवावेत, आणि परतल्यावर इंजिन पूर्ण तापलेले असताना एसी लावून दहा मिनिटे आयडलिंगवर ठेवावे, कारण ऑइल सर्वांत पातळ आणि दाब सर्वांत कमी तेव्हाच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड स्टार्टचा आवाज ऐकावा. या तिन्ही स्थितींत मागितलेला आणि मिळालेला कोन जुळत असेल, तर पुढच्या हजार किलोमीटरनंतर डिपस्टिक आणि प्रलंबित कोड एकदा पाहिले म्हणजे पुरे. फरक पुन्हा वाढू लागला असेल, तर नवा भाग विकत घेण्यापूर्वी व्हॉल्व्ह परत काढून जाळीत या वेळी काय अडकले आहे ते पाहावे.